क्रिकहाउल ते ॲबरगवेनी: पुण्यात बसून वाट कशी आखावी

आमची लेक वेल्समधल्या ॲबरगवेनीला असते. आठवड्याचे पाच दिवस ती आणि जावई कामावर, घरात आम्ही दोघं, आणि खिडकीतून समोर डोंगर. सिंहगडाला नेमाने जाणाऱ्या माणसाला अशा खिडकीपाशी सोफ्यावर बसून राहवत नाही. कर्वेनगरातल्या आमच्या फिरायच्या गटातल्या बऱ्याच जणींची मुलं ब्रिटनमध्ये आहेत. एप्रिल-मे आला, तिकिटं निघाली, की मला विचारणा सुरू होते: "तिकडे एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जाता येतं का गं? भीती नाही ना वाटत?"

जाता येतं. पण वाट इथे, जेवणाच्या टेबलावर आखून मगच. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होते, नोकरी सगळी कालव्यांच्या नकाशांवर गेली, त्यामुळे माझी पद्धत थोडी कार्यालयीन आहे. तिचा गाभा एवढाच की आधी वाटेतले सगळ्यात वाईट तुकडे शोधायचे. देखावा, चहाची टपरी, फोटोची जागा हे सगळं नंतर. तेरा किलोमीटरच्या वाटेत धोक्याचे तुकडे बहुतेक वेळा मिळून एखाद-दोन किलोमीटरचे असतात, आणि ते सुटले की उरलेली वाट आपोआप जुळते.

उदाहरण म्हणून मी ॲबरगवेनी आणि क्रिकहाउल ही दोन गावं घेते. दोन्ही अस्क नदीच्या काठी. ॲबरगवेनी मॉन्मथशायरमध्ये, क्रिकहाउल शेजारच्या पॉविसमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा बदलतो. ॲबरगवेनीला रेल्वे स्टेशन आहे, क्रिकहाउलला नाही, तिथे बसने जावं लागतं. दोन्ही गावांना जोडणारा मोठा रस्ता म्हणजे ए-४०, साधारण दहा किलोमीटर. मी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा लेक ताडकन म्हणाली, "आई, तू ए-फोर्टीवरून चालत जाणार आहेस? गाड्या बघितल्यास का तिथल्या?" बघितल्या होत्या. कडेने सलग पदपथ असेल असं धरून सुटावं असा तो रस्ता नाही. फोनला जवळचा रस्ता कळतो, पण त्या रस्त्याच्या कडेला पाऊल ठेवायला जागा आहे का, हे त्याला कळत नाही. चांदणी चौकातून बावधनला पायी जायचा रस्ताही फोन दाखवतोच की.

आपल्यापैकी अनेकांनी वारीत सासवड-जेजुरी चाललेलं असतं आणि त्यामुळे "रस्त्याने चालायची सवय आहे हो आम्हाला" असं वाटतं. वारीत रस्ता सुरक्षित असतो तो लाखभर माणसांमुळे आणि वळवलेल्या वाहतुकीमुळे. पालखी पुढे गेल्यावर एरवीच्या मंगळवारी एकट्याने दिवेघाट चढून बघा, मग मी काय म्हणते ते कळेल.

आता नकाशा. ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी नकाशा संस्था आहे, आपल्या सर्व्हे ऑफ इंडियासारखी. तिचे चालणाऱ्यांच्या कामाचे नकाशे दोन प्रकारचे: केशरी वेष्टनाचा 'एक्सप्लोरर', १:२५,०००, आणि गुलाबी वेष्टनाचा 'लँडरेंजर', १:५०,०००. तुम्ही एक्सप्लोररच घ्या. त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि शेतांच्या कुंपणाच्या रेघासुद्धा दिसतात. कुंपणाच्या कुठल्या बाजूने जायचं हे कळणं, पायवाट शोधताना फार मोठी गोष्ट असते. आपल्या या दोन गावांसाठी पत्रक 'ओएल-१३'. मुलांना आधी विकत घ्यायला सांगा आणि कोणी पुण्याला येत असेल त्याच्याबरोबर मागवा. कागदी नकाशाबरोबर एक सांकेतिक क्रमांक येतो, त्यावरून तोच नकाशा फोनवर उतरवता येतो. मी दोन्ही ठेवते. फोन पडतो, भिजतो, त्याची बॅटरी संपते, आणि कागदावर सगळ्या घराला एकदम वाकून बघता येतं.

(नकाशावाल्यांसाठी एक गंमत. क्रिकहाउलच्या बाहेर ग्वर्नव्हेल नावाची मालमत्ता आहे, ती जॉर्ज एव्हरेस्टच्या घराण्याची होती. १८३० ते १८४३ भारताचा सर्व्हेयर जनरल होता तोच हा, ज्याचं नाव शिखराला मिळालं. आमच्या खात्यातल्या जुन्या लोकांना हे सांगितलं तर तिकडे कालव्यापेक्षा तेच आधी बघायला जातील.)

नकाशावर हिरव्या तुटक रेघा दिसतील. आखूड तुकड्यांची रेघ म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी सार्वजनिक पायवाट, लांब तुकड्यांची म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मुभा असलेली. हा कायद्याने मिळालेला हक्क आहे. ती रेघ कोणाच्या शेतातून, अगदी अंगणाजवळून गेली तरी तुम्हाला तिथून जाता येतं. आपल्याकडे पाणंद कोणाची यावरून भावाभावांची भांडणं तहसीलदारापर्यंत जातात. तिथे अशा वाटांची अधिकृत नोंद ठेवण्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर आहे. दोन जिल्ह्यांतून जाणार असाल तर दोन कौन्सिलची संकेतस्थळं बघायची. एखादी वाट तात्पुरती बंद असेल तर तिथेच कळतं. काळ्या तुटक रेघेवर मात्र विसंबू नका. ती 'इथे वाट दिसते' एवढंच सांगते, जायचा हक्क आहे असं सांगत नाही. जागेवर खांबांवर बाण असतात: पिवळा पायवाटेचा, निळा घोडेवाटेचा. पाट्या वेल्श आणि इंग्रजी दोन्हीत असतात, त्यामुळे अडत नाही.

नकाशावर एक किलोमीटरच्या चौकटी आखलेल्या असतात. त्यांचे आकडे वाचायला घाबरू नका, चौथीचा भूगोल आहे. आधी उभ्या रेघेचा आकडा, मग आडव्या रेघेचा. क्रिकहाउल एसओ २१ १८ या चौकटीत ('एसओ' ही त्या भागाच्या मोठ्या चौकटीची अक्षरं), ॲबरगवेनी एसओ २९ १४ मध्ये. म्हणजे ॲबरगवेनी आठ किलोमीटर पूर्वेला आणि चार किलोमीटर दक्षिणेला. पायथागोरस लावा: सुमारे नऊ किलोमीटर सरळ रेषेत. सपाटीवरची, वळणं घेत जाणारी वाट सरळ रेषेच्या सव्वा ते दीडपट धरायची, हा माझा ठोकताळा. तुमची वाट त्याहून फार लांब निघाली तर मोजण्यात गडबड आहे, नाहीतर वाट फार आडवळणाची आहे.

खरं मोजमाप दोऱ्याने. जाड, पांढरा, गोधडी शिवायचा दोरा घ्या, किंचित ओला करा म्हणजे कागदाला धरून राहतो. क्रिकहाउलच्या पुलावर एक टोक बोटाने दाबायचं आणि दुसऱ्या हाताने दोरा वाटेच्या वळणावळणाने बसवत न्यायचा. ओढायचा नाही, ओढला की वळणं गिळली जातात आणि वाट कागदावर आखूड होते. शेवटी पेनाने खूण करून पट्टीवर लावा आणि सेंटिमीटरला चारने भागा. फोन हे एका टिचकीत करतो, मान्य. पण दोरा बसवताना प्रत्येक वळण, प्रत्येक पूल डोळ्यांखालून जातो.

या दोन गावांमध्ये दोरा बसवताना जे दिसतं ते माझ्यासारख्या बाईला सणासारखं. अस्कच्या दक्षिणेकडच्या उतारावरून नदीला जवळजवळ समांतर एक कालवा जातो. मॉन्मथशायर आणि ब्रेकन कालवा, १८१२ साली पूर्ण झालेला, ब्रेकनपासून पाँटीमॉइलपर्यंत सुमारे ५६ किलोमीटर. कोळसा, लोखंड, चुना नेणाऱ्या नावा घोडे ओढत, त्या घोड्यांसाठी काठाने जी वाट ठेवली तीच आज चालणाऱ्यांची. आणि आपल्या तुकड्यात एकही पाणदरवाजा (नाव वरच्या-खालच्या पातळीवर न्यायची जागा) नाही, कालवा समोच्च रेषा धरून चालला आहे. पाण्याची पातळी एक म्हणजे वाटेचीही एक. गुडघे दुखणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

म्हणजे वाट अशी झाली: क्रिकहाउल, नदीवरचा जुना पूल ओलांडून लॅनगॅटक, तिथून वर चढून कालवा, मग कालव्याकाठाने गिलवर्न, गोविलन, लॅनफॉइस्टचा धक्का (नावा लागायची जागा), खाली लॅनफॉइस्ट गाव आणि नदी ओलांडून ॲबरगवेनी. तेरा किलोमीटरच्या आसपास. ए-४०पेक्षा तीनेक किलोमीटर जास्त. या तीन किलोमीटरवरून घरात वाद झाला तर होऊ द्या, पण हटू नका.

आता वाईट तुकडे. या वाटेत ते दोनच टोकांना आहेत, आणि बहुतेक गावांच्या बाबतीत असंच असतं. मधलं रान निवांत, गावातून बाहेर पडताना आणि आत शिरताना अडचण.

पहिला क्रिकहाउलचा पूल. १७०६ सालचा दगडी पूल, एका बाजूने बघितलं तर बारा कमानी, दुसऱ्या बाजूने तेरा, त्यामुळे लोक फोटो काढत रेंगाळतात. पूल अरुंद आणि त्यावरून ए-४०७७ची वाहतूक चालू असते. नियम सोपा: कमानी मोजायच्या त्या पूल ओलांडल्यावर, काठावर उतरून. पुलावर थांबायचं नाही. पलीकडे लॅनगॅटक गावात शिरून कालव्याकडे चढायचं. ए-४०७७ रस्ताही पुढे गिलवर्नकडेच जातो, "हाच धरू या, सरळ आहे" असा मोह होतो. धरू नका. थोडं वर चढलात की कालवा आहे.

दुसरा तुकडा लॅनफॉइस्टपासून ॲबरगवेनीपर्यंत. कालव्यावरच्या धक्क्यापासून चर्चकडे उतरणारी वाट तीव्र उताराची आहे, पावसात पानांनी निसरडी होते. तिथे काठी. मग खाली ए-४६५ हा दुभाजकाचा मोठा रस्ता आडवा येतो. तो कुठे ओलांडायचा ती जागा नकाशावर आधी गोल करून ठेवा, आणि फक्त तिथूनच ओलांडा. दुभाजकावर चढून पलीकडे जायची आपली पुणेरी विद्या तिथे आठवू सुद्धा नका. त्यानंतर अस्कवरचा पूल. नदीवरचा कोणताही पूल मी वेगळा तपासते, कारण रस्ता टाळायला दहा वाटा निघतात, नदी ओलांडायला एखादीच जागा असते. पदपथ आहे का, कोणत्या बाजूला, तो पुलाच्या दोन्ही टोकांना पुढे चालू राहतो का, हे तीन प्रश्न.

उत्तरं कर्वेनगरात बसून मिळतात. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये तो तुकडा उघडा आणि बाणावर टिचकी मारत पाऊल पाऊल चाला. बघायचं काय? रस्त्याच्या कडेला गवताची पट्टी आहे का, की थेट कुंपण. वळणापलीकडचं किती दिसतं. गाडी आली तर बाजूला उभं राहायला शेताचं फाटक किंवा घराचं प्रवेशद्वार किती अंतरावर. कोपऱ्यात फोटोचा महिना लिहिलेला असतो, तो जरूर बघा: जानेवारीतल्या फोटोत मोकळी दिसणारी कड जुलैमध्ये कुंपणाच्या झुडपांनी भरून रस्त्यावर आलेली असते. मी वहीत प्रत्येक तुकड्यापुढे तीनच शेरे लिहिते: 'चालेल', 'उजवीकडून, सांभाळून', 'नको'. एक जरी 'नको' आला तरी पर्यायी वाट शोधायची. 'बघू तिथे गेल्यावर' हा शेरा माझ्या वहीत नाही.

या डोळ्यांची सवय करायची असेल तर पुण्यातच करा. स्ट्रीट व्ह्यू २०२२ पासून पुण्यातही आहे. तुमच्या रोजच्या रस्त्याचा अर्धा किलोमीटर पडद्यावर चाला, शेरे लिहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन प्रत्यक्ष चाला. पडद्यावर पदपथ दिसतो तिथे प्रत्यक्षात दुचाकी, पाणीपुरीची गाडी आणि महावितरणचा डबा असतो, हे तुम्हाला माहीतच आहे. पण उतार किती आहे आणि गाड्यांचा आवाज कुठून येतो हेही पडद्यावर कळत नाही, ते या सरावात समजतं.

नकाशावरच्या बारीक पिवळ्या रस्त्यांबद्दल सगळ्यांचा एक गोड गैरसमज असतो. चार मीटरपेक्षा अरुंद रस्ते एक्सप्लोररवर वेगळे दाखवतात, ते बघून वाटतं, वा, गल्लीबोळ, निवांत. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी वीस मैलांची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे बत्तीस किलोमीटर. गावात त्यामुळे बरं. पण गाव संपलं, पांढऱ्या गोलात काळी तिरकी पट्टी असलेली पाटी आली, की दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्याला कायद्याने साठ मैलांची, म्हणजे सत्याण्णव किलोमीटरची मुभा. रस्ता तीन मीटर रुंद असला तरी. दोन्ही बाजूंना डोक्यावर जाणारी कुंपणाची झाडं, मध्ये आपण. सगळे चालक एवढ्या वेगाने जात नाहीत, पण रस्ता ओळखीचा असलेला स्थानिक माणूस जातो.

अशा रस्त्यावर चालावंच लागलं तर ब्रिटनच्या हायवे कोडचा, म्हणजे रस्त्याच्या नियमपुस्तकाचा, सल्ला: पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक. तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे गोंधळ नको. उजवीकडे तीव्र वळण आलं तर मात्र वळणाच्या बरंच आधी डावीकडे ओलांडून जा, वळून येणाऱ्याला तुम्ही लवकर दिसता. वळण संपल्यावर परत उजवीकडे. आणि गप्पा बंद. आमच्या ह्यांना चालताना राजकारणावर बोलल्याशिवाय पाय उचलत नाही, पण रस्त्याच्या तुकड्यावर तोंडाला कुलूप आणि कान उघडे. फिकट, उठून दिसणारे कपडे घाला. नाना पेठेत दुचाकीच्या सामानाच्या दुकानांत चमकत्या पट्ट्यांचं जाकीट मिळतं, बॅगेत चपटं बसतं. लेकीला ते घातलेलं बघून हसू येतं. येऊ दे.

दिशाही आधी ठरवा. मी कायम बसने लांबच्या गावी जाऊन घराकडे चालते. क्रिकहाउलची बस सकाळी पकडायची, आणि संध्याकाळी कसलीच बस पकडायची नाही. उलट केलं तर शेवटच्या बसच्या धास्तीने माणूस घाई करतो, पाणी प्यायला थांबत नाही, आणि पाय मुरगळतो तो अशाच वेळी. बसचं वेळापत्रक 'ट्रॅव्हलाइन कम्री'वर मिळतं. रविवारचं वेगळं बघा. मध्ये गिलवर्न आहे, जवळजवळ निम्म्यावर. तिथे कालवा सोडून गावात उतरता येतं, बसथांबा आहे, पब आहेत. पबमध्ये जायला आपल्या बायका लाजतात. कॉफी मागा, स्वच्छतागृह वापरा, कोणी वळून बघत नाही. नकाशावर अशा सुटकेच्या जागांना मी लाल टिकली लावते. वाटेत पाचेक किलोमीटरवर एकही लाल टिकली नसेल तर ती वाट आमच्या वयाला नको.

वेळेसाठी १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला हिशेब अजून वापरतात: पाच किलोमीटरला एक तास, आणि सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तो तरण्या गड्यांचा हिशेब. आम्ही ताशी साडेतीन किलोमीटर धरतो. तेरा किलोमीटरला पावणेचार तास, त्यावर डबा, फोटो आणि बदकांसाठी एक तास. साडेदहाला पुलावरून निघालो की साडेतीनपर्यंत घरी.

या वेळेच्या हिशेबाचं महत्त्व पुणेकराला पटकन कळत नाही, कारण आपल्याकडे बारा महिने सूर्य सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो. तिकडे जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड आणि डिसेंबरमध्ये चारला सूर्यास्त. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात. शनिवारी सहाच्या सुमाराला झालेली संध्याकाळ रविवारी पाचच्या आत होते. दिवाळीला मुलांकडे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोहोचायचं असं आखा.

कालवा सपाट म्हणून सगळं माफ, असंही नाही. काठाला कठडा नसतो. कमानीच्या पुलांखाली वाट अरुंद होते आणि समोरून सायकलवाला येतो. तो घंटा वाजवतो, तुम्ही कुंपणाच्या बाजूला सरका, पाण्याच्या नाही. आणि कालवा म्हटला की फुटण्याचा इतिहास असतोच. २७ सप्टेंबर २०१८ला दांडेकर पुलाजवळ आपल्या मुठा कालव्याची भिंत फुटून काय झालं ते पुणेकराला सांगायला नको. हा कालवाही ऑक्टोबर २००७ मध्ये गिलवर्नजवळ फुटला होता. आजही दुरुस्तीसाठी काठची वाट कधी बंद ठेवतात. कालव्याची देखभाल कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे, वेल्समध्ये तिचं नाव ग्लॅनडूर कम्री. त्यांच्या संकेतस्थळावरच्या सूचना आदल्या दिवशी वाचा. वाट बंद निघाली तर गोविलन ते लॅनफॉइस्ट या भागात जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलमार्ग, राष्ट्रीय मार्ग क्रमांक ४६, जवळून जातो. १९५८ साली त्या मार्गावरची प्रवासी गाडी बंद झाली, आता चालायला उत्तम. हा पर्यायही वहीत आधीच लिहून ठेवा.

नदीचं असं, की अस्क वाढली की काठची कुरणं पाण्याखाली जातात. फेब्रुवारी २०२० मधल्या डेनिस वादळात क्रिकहाउललाही पुराचा तडाखा बसला. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल बंद, हे आपल्याला जसं न सांगता कळतं तसं तिथलं कळत नाही, म्हणून नॅचरल रिसोर्सेस वेल्सचे पूरइशारे बघायचे. पावसाचा अंदाज मेट ऑफिसचा, म्हणजे तिथल्या हवामान खात्याचा. आपण पावसाळी ट्रेकमध्ये भिजायला जातो. तिथला पाऊस थंड असतो आणि वाऱ्याबरोबर तो कापडातून आत शिरतो. जीन्स घालू नका, वाळत नाही.

गायी-गुरांबद्दल दोन शब्द. आपल्या रस्त्यात बसलेली गाय हॉर्नलाही दाद देत नाही. कुरणातली वेल्श गाय वासराजवळ कोणी गेलं तर अंगावर येऊ शकते. वासरं असतील तर लांबून वळसा, गाय आणि वासरू यांच्यामध्ये कधीही नाही. कालवड्या उत्सुकतेने मागे मागे येतात, तेव्हा पळायचं नाही, हळू चालत फाटक गाठायचं, आणि फाटक होतं तसं लावायचं.

निघायच्या आदल्या रात्री मी एक चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावते आणि तिचा फोटो लेकीला पाठवते. तिच्यात असं असतं: "क्रिकहाउल पूल १०.३०. गिलवर्न १२.१५, तिथून फोन. लॅनफॉइस्ट धक्का २.३०. घरी ३.३०. कालव्याकाठाने. वाट बंद असेल तर सायकलमार्ग. बाबांचं जाकीट लाल, माझं पिवळं. ४.३०पर्यंत फोन आला नाही तर तू कर, पाचला उत्तर नाही तर मदत माग." वेळा आणि कपड्यांचे रंग लिहिले की शोधणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते कळतं. नुसतं "फिरायला जातोय" या निरोपाला काही अर्थ नाही.

मदतीचा क्रमांक ९९९, ११२ही चालतो. डोंगरात असाल तर आधी पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू (डोंगरातलं बचाव पथक) हवं असं सांगायचं. जागा सांगताना "कालव्याजवळ" म्हणून भागत नाही, सगळीकडे कालवाच आहे. नकाशाचे सहा आकडे सांगा, ते तुम्हाला शंभर मीटरच्या चौकटीत आणतात. फोनच्या नकाशात ते आपोआप दिसतात, कुठे दिसतात ते घरी बघून ठेवा. कालव्यावरच्या पुलांना क्रमांक असतात, चालताना ओलांडलेल्या शेवटच्या पुलाचा क्रमांक लक्षात ठेवला तर तोही कामाला येतो. ९९९ला लघुसंदेशाने मदत मागायची सोय आहे, मात्र त्यासाठी आधी 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत ९९९वर पाठवून नोंदणी करावी लागते. तिथलं सिमकार्ड घातल्या दिवशीच हे उरकून टाका, जावयाला शेजारी बसवून.

डब्यात पोळीचा रोल आणि गुळ-शेंगदाणे. थर्मासमध्ये चहा. सुटे मोजे एक जोड, प्लॅस्टिकच्या पिशवीत.